दोन टोकांमधील मोजणी

मोजणे ही गणिताची पहिली पायरी होय. आणि पहिली म्हणूनच ती सर्वांत सोपी, असा सर्वसाधारण समज आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांत चूक होऊ शकते हे सारेच मान्य करतात. पण नुसते मोजण्यात चुकावयाचे ते काय? वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. अपूर्णांकांची लांबलचक उदाहरणे बिनचूक सोडविणारा विद्यार्थी ‘३७ पासून ८२ पर्यंत एकूण किती पूर्णांक आहेत?’ एवढ्याशा प्रश्नाला अडखळतो. श्रोत्यांनीही क्षणभर मनाशी उत्तर काढून पाहावे. पुष्कळांच्या मनात प्रथम येणारा आकडा ४५ हा असेल. कारण ८२ मधून ३७ वजा केले म्हणजे ४५ उरतात. पण ३७, ३८, ३९ असे एकेक उच्चारीत ८२ पर्यंत गेले, तर मोजणी ४६ भरते. हा वाढीव एक आला कोठून?

परीक्षेतील एका गुणापुरताच हा प्रश्न असता, तर त्यासाठी एवढा वेळ खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु याच एकाने एका साम्राज्याचे पंचांग बिघडविले आहे, याच एकावर न्यायालयातील दाव्याची मुदत टिकते किंवा टळते, आणि इतिहासातील कालगणनाही याच एकाने चुकते. म्हणून त्याचा ठाव घेणे अगत्याचे आहे.

जुन्या मराठी घरांचा विस्तार खणांत सांगण्याची रीत होती. खण म्हणजे दोन तुळयांमधील जागा. दोन्ही टोकांना तुळई धरून ओळीने पाच खण पाडावयाचे असतील, तर तुळया सहा लागतात. हे गणित सुताराला कोणी फळ्यावर शिकविलेले नसते. पण लाकूड आणताना तो पाच तुळया आणून फसत नाही. कारण खण निराळा आणि तुळई निराळी, हे त्याला डोळ्यांसमोर दिसत असते. विद्यार्थ्याची फसगत होते ती नेमकी येथेच. वजाबाकी खण मोजते. तुळया मोजीत नाही. ३७ पासून ८२ पर्यंत जाताना एकेकाची पावले ४५ पडतात, हे वजाबाकीचे उत्तर अगदी बरोबर आहे. विचारलेले मात्र पावलांविषयी नसून ज्या दगडांवर पाऊल पडले त्या दगडांविषयी आहे, आणि त्यांत पहिले पाऊल उचलण्यापूर्वी ज्यावर उभे होतो तो दगडही येतो.

भोपाळ शहरातील मेट्रोचे उदाहरण घेतले, तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होईल. सुभाषनगर ते एम्स या पहिल्या टप्प्यात आठ स्थानके आहेत. पहिल्या स्थानकावर बसून शेवटच्या स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला विचारले, की ‘या वाटेवर स्थानके किती?’ तर उत्तर आठ. ‘एका स्थानकाहून दुसऱ्या स्थानकापर्यंत गाडी किती वेळा धावली?’ तर उत्तर सात. ‘चढण्याच्या व उतरण्याच्या स्थानकांमध्ये किती स्थानके लागली?’ तर उत्तर सहा. आठ, सात आणि सहा ही तिन्ही उत्तरे खरी आहेत. कारण प्रश्न तीन आहेत. त्याचप्रमाणे ३७ व ८२ ही दोन्ही टोके धरली तर पूर्णांक ४६. एक धरून दुसरे सोडले तर ४५. आणि दोन्ही सोडली तर ४४. गणिताच्या पुस्तकात ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘मधील’, ‘दरम्यान’ हे शब्द येतात ते शोभेसाठी नव्हेत. उत्तर ठरविण्याचा अधिकार पुष्कळदा अंकांपेक्षा या शब्दांकडेच असतो.

शाळेत यावर एक तोडगा सांगतात: ‘वजाबाकी करा आणि एक मिळवा.’ तोडगा खोटा नाही. पण कारण न कळता पाठ केलेला तोडगा भलत्याच ठिकाणी वापरला जातो आणि जेथे एक मिळवावयाचा नसतो तेथेही मिळविला जातो. त्यापेक्षा मूळ विचार ध्यानात ठेवणे सोपे आहे. १ पासून ८२ पर्यंत पूर्णांक ८२ आहेत, याविषयी कोणालाच शंका नाही. त्यांतून नको असलेले काढून टाकावयाचे. नको असलेले कोणते? १ पासून ३६ पर्यंतचे. म्हणून ८२ मधून ३६ वजा करावयाचे, ३७ नव्हे, उत्तर ४६. ३७ वजा करणारा विद्यार्थी ज्याला ठेवावयाचे त्यालाच नकळत बाहेर घालवीत असतो. वरून मिळविलेला एक म्हणजे बाहेर गेलेल्या त्या ३७ ला पुन्हा आत घेणे होय. एवढे उमगले की सूत्र पाठ करण्याची गरज राहत नाही.

इतिहासाच्या अभ्यासात ही सावधगिरी पावलोपावली लागते, आणि भोपाळचा इतिहास त्याची चांगली उदाहरणे पुरवितो. पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळजवळ कोंडीत पकडले ते डिसेंबर १७३७ मध्ये; आणि दोराहा येथे तह झाला तो जानेवारी १७३८ मध्ये. सनांची वजाबाकी केली तर उत्तर एक वर्ष येते. ज्या सनांत हे प्रकरण घडले ते मोजले तर दोन भरतात. आणि प्रत्यक्षात भोपाळचा वेढा व तह हा सारा मामला काही आठवड्यांचा होता. सन हा खणाला दिलेला क्रमांक आहे, खांबाला नव्हे. खणात घटना कोठे घडली, आरंभी की अखेरीस, हे नुसत्या क्रमांकावरून कळत नाही. म्हणून केवळ सनांवरून काढलेल्या कालावधीत जवळजवळ एका वर्षाची चूक सहज राहू शकते.

भोपाळच्या गादीवर १८६८ ते १९०१ या काळात शाहजहान बेगम आणि १९०१ ते १९२६ या काळात सुलतान जहान बेगम होत्या. एखाद्या विद्यार्थ्याने दोन्ही टोकांचे सन धरून पहिल्या कारकीर्दीत ३४ आणि दुसरीत २६ सन मोजले आणि त्यांची बेरीज ६० केली. पण १८६८ पासून १९२६ पर्यंतचे सन एकदम मोजले तर ते ५९ च आहेत. साठावा सन कोठून उपटला? १९०१ हा सन दोन्ही कारकीर्दींत मोजला गेला, म्हणून. उलट, प्रत्येक वेळी आरंभीचा सन धरला आणि अखेरचा सोडला, तर ३३ व २५ मिळून ५८ होतात, आणि १९२६ मधून १८६८ वजा केले असताही ५८ च येतात. एकाला एक लागून असलेले काळ जेव्हा जोडावयाचे असतात, तेव्हा एक टोक धरून दुसरे सोडण्याची रीत किती उपयोगाची आहे, हे येथे दिसते.

याच रीतीचे आणखी एक उदाहरण. १ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थानाचा कारभार केंद्र सरकारने हाती घेतला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात येऊन भोपाळ त्याची राजधानी झाली. भोपाळ हे स्वतंत्र घटक राज्य किती काळ होते? पहिला दिवस धरला आणि १ नोव्हेंबर सोडला, की बरोबर सात वर्षे पाच महिने, म्हणजे २७१० दिवस भरतात. १ नोव्हेंबर धरला तर २७११ होतील. पण तो दिवस जुन्या राज्याचा नसून नव्या राज्याचा आहे. येथे टोक धरावे की सोडावे हे सूत्राने ठरत नाही. घटनेच्या अर्थावरून ठरते.

शोकाच्या प्रसंगीही हा हिशेब चुकत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांच्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूने जो अनर्थ केला, त्याला ३ डिसेंबर २०२४ रोजी ४० वर्षे पूर्ण झाली. परंतु त्या मूळ दिवसासह मोजल्यास तो एक्केचाळिसावा ३ डिसेंबर होता. ४० हे काळाचे माप आहे आणि ४१ ही तारखांची संख्या. ‘चाळिसावा स्मृतिदिन’ म्हणावयाचे ते यामुळे, की स्मृतिदिनाची मोजणी घटनेनंतरच्या वर्षापासून सुरू होते.

मराठी भाषेच्या पोटातही या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदत आहेत. सात दिवसांच्या काळाला मराठी माणूस ‘आठवडा’ म्हणतो. सोमवारपासून पुढल्या सोमवारपर्यंत दोन्ही सोमवार धरून मोजले, की दिवस आठ होतात. शब्दात दडलेला आठ हा असा टोकांसह मोजलेला आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बसलेला गणपती अनंत चतुर्दशीला विसर्जन पावतो. चौदांतून चार गेले दहा, म्हणून उत्सव दहा दिवसांचा म्हणतात. पण चतुर्थी व चतुर्दशी दोन्ही धरल्यास तिथी अकरा होतात, म्हणून विसर्जन अकराव्या दिवशी असेही म्हणतात. भोपाळमधील मराठी घरांत असो वा पुण्यातील, दोन्ही वाक्ये एकाच तोंडून निघतात आणि कोणाला विसंगती वाटत नाही. आश्विनातील प्रतिपदेपासून विजयादशमीपर्यंत दिवस दहा; परंतु त्यांच्यामधील रात्री नऊ, म्हणून नवरात्र. दिवस म्हणजे तुळया आणि रात्री म्हणजे खण, असे मानले तर सुताराचा हिशेब येथेही तंतोतंत जुळतो. मुलाला ‘पंधरावे लागले’ आणि ‘पंधरा पूर्ण झाली’ यांतील एका वर्षाचा फरक तर घरातील आजीलाही अचूक ठाऊक असतो.

आयुर्वेदात तृतीयक आणि चतुर्थक असे तापांचे दोन प्रकार सांगितले आहेत. आज ताप आला, उद्या नाही, परवा पुन्हा आला, तर तो तृतीयक. म्हणजे येण्याचा दिवस पहिला धरून तिसरा. दोन पाळ्यांतील अंतर मात्र दोनच दिवसांचे असते. चतुर्थकात हेच अंतर तीन दिवसांचे. प्राचीन रोममध्येही दिवस व वर्षे मोजण्याची हीच रीत, आरंभीचे टोक धरून मोजण्याची, होती. आणि तिच्यापायीच एक मोठा घोटाळा झाला. ज्यूलियस सीझरने इ. स. पू. ४५ पासून नवे पंचांग सुरू केले आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवावा असे ठरविले. पुढल्याच वर्षी त्याचा खून झाला. पंचांगाची व्यवस्था पाहणाऱ्या धर्माधिकाऱ्यांनी ‘दर चौथे वर्ष’ याचा अर्थ आपल्या सवयीप्रमाणे लावला. अधिक दिवसाचे वर्ष पहिले धरून त्यांनी चौथे मोजले; त्यामुळे दर तीन वर्षांनी एक दिवस वाढू लागला. ३६ वर्षांत ९ दिवसांऐवजी १२ दिवस वाढविले गेले. शेवटी सम्राट ऑगस्टसने काही काळ अधिक दिवस गाळावयास लावून हिशेब जागेवर आणला. चूक खगोलशास्त्राची नव्हती, वेधांची नव्हती. ती केवळ टोक धरण्याची होती.

कायद्याने असा घोटाळा होऊ नये म्हणून शब्दांचे अर्थच बांधून टाकले आहेत. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाच्या नवव्या कलमाप्रमाणे, केंद्रीय कायद्यात ‘पासून’ हा शब्द वापरला की मालिकेतील पहिला दिवस वगळला जातो आणि ‘पर्यंत’ वापरला की शेवटचा दिवस धरला जातो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या बाराव्या कलमातही ज्या दिवसापासून मुदत मोजावयाची तो दिवस सोडून देण्यास सांगितले आहे. ज्याच्या अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे, त्याच्या बाबतीत निकालाचा दिवस धरावा की सोडावा हा पंडितांचा वाद राहत नाही. दाराशी पोहोचलेल्या माणसाला आत घ्यावे की परत पाठवावे, हा प्रश्न असतो. गणितातील टोकाचा विचार अशा रीतीने थेट माणसाच्या हक्कापर्यंत जाऊन पोहोचतो.

आता पुन्हा वर्गातील उदाहरणांकडे वळावे. २० पासून ५० पर्यंत ७ ने नि:शेष भाग जाणारे पूर्णांक किती? घाईचा विद्यार्थी ५० मधून २० वजा करून ३० ला ७ ने भागतो आणि चार असे सांगतो. प्रत्यक्षात २१, २८, ३५, ४२, ४९ असे पाच आहेत. पण २२ पासून ५२ पर्यंत पाहिले, तर अंतर तेवढेच, ३० च. आणि संख्या मात्र २८, ३५, ४२, ४९ अशा चारच. म्हणजे केवळ अंतरावरून उत्तर मिळत नाही आणि ‘एक मिळवा’ हा तोडगाही येथे डोळे मिटून चालत नाही. मूळ विचार मात्र चालतो. ५० पर्यंत ७ च्या पटी सात आहेत, १९ पर्यंत दोन. सातांतून दोन गेले पाच. ५२ पर्यंत सात, २१ पर्यंत तीन; सातांतून तीन गेले चार. वरच्या टोकापर्यंतचे सर्व घ्यावे आणि खालच्या टोकाच्या अलीकडचे सर्व टाकावे, एवढे एकच तत्त्व दोन्ही उदाहरणांना पुरते.

ऋण संख्या आल्या म्हणजे आणखी एक अडचण उभी राहते. उणे ५ पासून ५ पर्यंत पूर्णांक किती? पाच इकडचे आणि पाच तिकडचे मिळून दहा, असे उत्तर झटकन येते. पण मध्ये शून्य बसलेले आहे. पूर्णांक अकरा आहेत. मध्य प्रदेशातच, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा एक शिलालेख आहे. देवाच्या बागेसाठी दिलेली २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन आणि रोजच्या ५० माळा यांचा त्यात उल्लेख असून २७० व ५० या अंकांत शून्य स्पष्टपणे कोरलेले आहे. ज्या देशाने शून्याला अंकांच्या पंक्तीत मानाचे स्थान दिले, तेथील विद्यार्थ्याने मोजताना त्याला वगळू नये. गंमत अशी, की ख्रिस्ती सनाच्या गणनेत शून्य हे वर्ष नाही, इ. स. पू. १ नंतर एकदम इ. स. १ येते. त्यामुळे इ. स. पू. ५ पासून इ. स. ५ पर्यंत दोन्ही टोके धरून वर्षे दहाच भरतात. ही गैरसोय टाळण्यासाठी १७४० मध्ये झाक कॅसिनी या फ्रेंच ज्योतिर्विदाने आपल्या कोष्टकांत शून्य वर्ष वापरले, आणि ज्योतिर्गणितात ती पद्धत रूढ झाली.

संगणकाच्या युगात तर या प्रश्नाला नवे महत्त्व आले. यंत्राला दहा वेळा करावयास सांगितलेले काम ते नऊ वेळा किंवा अकरा वेळा करते, ते पुष्कळदा आज्ञा लिहिणाऱ्याने टोक चुकीचे धरल्यामुळे. एडस्गर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या टिपणात या प्रश्नाचा विचार केला आणि खालचे टोक धरावे, वरचे सोडावे, हीच रीत उत्तम, असा निष्कर्ष काढला. कारण तसे केले म्हणजे वजाबाकीचे उत्तर हीच मोजणी होते, आणि एकाला एक लागून असलेले दोन गट नेमके जुळतात. एकाचे संपणे तेच दुसऱ्याचे आरंभणे. भोपाळच्या दोन बेगमांच्या कारकीर्दी जोडताना जे दिसून आले, तेच हे.

शिक्षकांचे काम येथे महत्त्वाचे आहे. भोपाळची क्षेत्रीय शिक्षण संस्था मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र, गुजरात, गोवा इत्यादी राज्यांतील शिक्षकांच्या प्रशिक्षणाचेही कार्य करीत आली आहे. त्याच शहरात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने मुलांनी स्वत: करून पाहावे आणि त्यातून शिकावे, हा विचार आग्रहाने मांडला, १९८५ पासून निघू लागलेले तिचे ‘चकमक’ हे मुलांचे मासिक पुष्कळांना परिचित आहे. टोकांच्या मोजणीला तर करून पाहण्याचाच मार्ग सर्वांत लागू पडतो. ३७ आणि ८२ यांच्याविषयी शंका आली, तर ३ आणि ५ घ्यावेत. ३, ४, ५ असे बोटांवर मोजावे. बोटे तीन उघडली, वजाबाकी मात्र दोन सांगते. मधला तर एकटा चार. तीन, दोन आणि एक या तिन्ही उत्तरांचा अर्थ लहान आकड्यांत जसा लख्ख दिसतो, तसाच तो मोठ्या आकड्यांतही लागू असतो. पाच खडे ओळीने मांडून त्यांमधील जागा मोजावयास लावणारा शिक्षक पाच मिनिटांत जे शिकवील, ते सूत्र घोकून महिनाभरात साधणार नाही.

विद्यार्थ्याचे उत्तर एकाने चुकले म्हणजे ‘थोडक्यात हुकले’ असे म्हणून सोडून देऊ नये, आणि त्याला निष्काळजीही ठरवू नये. बहुधा त्याने वजाबाकी बरोबर केलेली असते; विचारलेल्या प्रश्नाऐवजी त्याच्या शेजारच्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिलेले असते. त्याला दोनच गोष्टी विचारावयास शिकवावे: मोजावयाचे आहे ते खांब की खण? आणि दोन्ही टोकांपैकी आत कोण, बाहेर कोण? हे दोन प्रश्न ज्याच्या अंगवळणी पडले, त्याला वर्गातील पूर्णांक, पंचांगातील तिथी आणि कज्जातील मुदत यांपैकी काहीच फसवू शकणार नाही.